रंगाचा डबा असा उघडा, की तो पुन्हा घट्ट बंद होईल

गणपती किंवा दिवाळी तोंडावर आली की दुकानातून ऑईलपेंटचा डबा घरी येतो आणि तो उघडायला स्वयंपाकघरातून चमचा मागवला जातो. चमच्याचा दांडा वाकतो. मग सुरी येते, तिचं टोक मोडतं. शेवटी कोणीतरी मोठा स्क्रू ड्रायव्हर एकाच जागी घालून जोर लावतं. झाकण उडतं, चार थेंब फरशीवर पडतात आणि डबा 'उघडला' म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण झाकणाची एक कड तेवढ्यात कायमची वर वळलेली असते. काम झाल्यावर उरलेला पाऊण लिटर रंग 'पुढे ग्रिलला होईल' म्हणून माळ्यावर जातो आणि सहा महिन्यांनी काढावा तर वर जाड साय आणि खाली चिकट गोळा.

त्या सायीचं कारण साधं आहे. ऑईलपेंट नुसता उडून वाळत नाही. त्यातलं टर्पेंटाइन उडून गेल्यावर उरलेलं रेझिन, म्हणजे रंगाला बांधून ठेवणारा चिकट भाग, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. भिंतीवर जे व्हायला हवं तेच डब्यात होतं, फक्त केसाएवढी फट मिळायला हवी. इमल्शनचं, म्हणजे भिंतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचं, थोडं वेगळं. ते पाणी उडून वाळतं, त्यामुळे साय उशिरा धरते, पण फट राहिली की कडेला सुकलेले पापुद्रे जमतात आणि ते खाली पडून ब्रशखाली खडे येतात. म्हणून डबा उघडतानाच तो बंद कसा होणार, याचा विचार करायचा.

आधी डबा कोणता ते पाहा

आपल्याकडे ऑईलपेंट, प्रायमर, व्हार्निश हे बहुतेक पत्र्याच्या डब्यात येतं: ५०, १००, २००, ५०० मिली, १ लिटर, ४ लिटर आणि पुढे मोठे ड्रम. भिंतीचं इमल्शन प्लॅस्टिकच्या बादलीत येतं, १ लिटरपासून २० लिटरपर्यंत. टर्पेंटाइन आणि थिनर फिरकीच्या बुचाच्या कॅनमध्ये. तिन्ही उघडायची रीत वेगळी आहे. बादलीला स्क्रू ड्रायव्हर आणि डब्याला पक्कड लावणं, इथूनच अर्ध्या चुका सुरू होतात.

डबा उघडण्याआधी एक दिवस सावलीत ठेवा. उन्हात, गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत तापलेल्या डब्यात टर्पेंटाइनची वाफ कोंडलेली असते; झाकण सुटताच ती रंगाचे तुषार घेऊन तोंडावर येते. साध्या मिनरल टर्पेंटाइनची वाफ साधारण ३० ते ४० अंशांच्या दरम्यान ठिणगीने पेट घेण्याइतकी तयार होते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे तिथे दुपारी उघडलेला डबा हा पेटू शकणारा डबाच समजा. एनसी थिनरला, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायच्या द्रवाला, तर हिवाळ्यातली थंडीसुद्धा पुरेशी असते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. म्हणून गॅसची शेगडी तर बंद हवीच, पण देवघरातली समई, निरांजन आणि कोपऱ्यातली उदबत्तीही विझवा. खिडक्या दोन्ही बाजूंच्या उघडा.

खाली नुसतं वर्तमानपत्र घालू नका. त्यातून रंग झिरपतो आणि कागद फरशीला चिकटतो. खाली प्लॅस्टिक, वर जाड पुठ्ठा. हाताशी दोन सुती फडकी, एक जुना दीड-दोन इंची ब्रश, आणि ऑईलपेंट असेल तर वाटीत थोडं टर्पेंटाइन. डोळ्यांना साधा चष्माही चालतो, पण काहीतरी हवं.

पत्र्याचा डबा

डब्याकडे वरून पाहा. सगळ्यात बाहेरची गोल वळवलेली कडा ही डब्याची आहे. तिच्या आत एक खाच आणि खाचेच्या आतल्या बाजूला झाकणाची कड. झाकण स्क्रूने नाही, नुसत्या घासून बसण्याने घट्ट असतं. हत्यार जायला हवं ते झाकणाच्या कडेखाली. घाईत ते बाहेरच्या वळवलेल्या कडेखाली जातं, माणूस जोर लावतो, आणि झाकण हलायच्या ऐवजी डब्याचा काठच वाकतो. असा डबा पुन्हा कधीच नीट बंद होत नाही. झाकण वाकलं तर ठोकून थोडंफार सरळ करता येतं, काठाचं तसं नाही.

हत्यार म्हणजे पेंटचा ओपनर, चपट्या वाकड्या टोकाची छोटी पट्टी. रंगाच्या दुकानात मागा. तो नसेल तर ८ ते १० मिलिमीटर रुंद पात्याचा चपटा स्क्रू ड्रायव्हर. अरुंद पातं सगळा जोर एका बिंदूवर देतं आणि पत्र्याला चिमटा काढल्यासारखा खड्डा पाडतं. फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, नाणं, चावी, कात्री, सगळं बाद.

१. झाकण आणि खाच आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्या. दुकानातली धूळ, गोदामातली माती खाचेत बसलेली असते आणि झाकण निघताच ती थेट रंगात पडते. हे पाच सेकंदांचं काम कोणी करत नाही.

२. डबा जमिनीवर ठेवा, टेबलाच्या कडेला नाही. एक हात डब्याच्या पोटाला, निम्म्याच्या खाली. झाकणापलीकडे, पात्याच्या रेषेत हात नको, कारण हत्यार निसटलं तर ते तिकडेच जातं.

३. पातं झाकणाच्या कडेखाली अडकवा, दांडा डब्याच्या काठावर टेकवा आणि मूठ खाली दाबा. काठ हा टेकू आहे. झाकण फक्त एक मिलिमीटर हललं पाहिजे. 'कट्' असा बारीक आवाज आला की थांबा.

४. चार सेंटिमीटर पुढे सरका आणि तेच करा. १ लिटरच्या डब्याला साधारण आठ जागा होतात, ४ लिटरला बारा. पहिल्या फेरीत झाकण नुसतं सैल होतं.

५. दुसरी फेरी, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिलिमीटर. इथे 'फुस्स' आवाज आला तर वाफ निघून जाईपर्यंत हात थांबवा. झाकणावर फडकं टाकूनच ही फेरी केलेली बरी.

६. झाकण हाताने हलायला लागलं की हत्यार बाजूला ठेवा. दोन्ही हातांनी सरळ वर उचला, मग डब्याच्या वरच तिरकं धरून आतल्या बाजूचा रंग निथळू द्या. उरलेला ब्रशने पुसून डब्यात परत. झाकण पुठ्ठ्यावर रंगाची बाजू वर करून ठेवा, आणि ते पायवाटेत ठेवू नका. घरात रंगाचे ठसे डब्यातून क्वचितच पडतात. पडतात ते या झाकणावर पडलेल्या पायातून.

दोन फेऱ्यांना दीड मिनिट लागतं. एकाच जागी जोर देऊन उघडायला वीस सेकंद. वाचलेल्या त्या मिनिटाची किंमत उरलेल्या रंगाने चुकवावी लागते.

लहान डब्यांचं तंत्र थोडं निराळं. दाराच्या कड्या, सायकल, गेटवरचा नंबर आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला ५० किंवा १०० मिलीची डबी आणतात. ती इतकी हलकी असते, की झाकण सुटताना डबीच उडी मारते. ओल्या फडक्याची चुंबळ करा, जुन्या ताटलीत ठेवा आणि डबी तिच्यात घट्ट बसवा. मग पातळ पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, चार जागा, आणि अगदी हलका जोर. डबी सांडलीच तर ताटलीत राहील.

मशीनवर शेड बनवून घेतलेल्या डब्याच्या झाकणात कधी मधोमध प्लॅस्टिकचं छोटं बूच असतं. रंगद्रव्य सोडायला दुकानात तिथे भोक पाडलेलं असतं. हे बूच उघडण्यासाठी नाही. झाकण कडेनेच काढायचं. आणि असा डबा कधीही उलटा ठेवायचा नाही.

खिळ्याने खाचेत भोकं पाडावीत का?

हा सल्ला सर्रास दिला जातो. रंग ओतला की खाच भरते, झाकण ठोकताना तो रंग चहूकडे उडतो. म्हणून खाचेत खिळ्याने सहा-आठ भोकं पाडा, रंग आत परत जाईल. सल्ला चांगला आहे, पण सगळ्या डब्यांसाठी नाही. झाकण उलटं करून पाहा. त्याच्या कडेला खाली उतरणारी गोल घडी असेल आणि ती नेमकी खाचेत बसत असेल, तर खाच झाकणाखाली येते, भोकंही झाकली जातात, आणि काम निर्धोक. पण झाकण नुसतं बुचासारखं आतल्या भोकात बसत असेल आणि खाच झाकणाबाहेर उघडी राहत असेल, तर प्रत्येक भोक म्हणजे हवेला दिलेली कायमची वाट. आठवड्यात साय. त्या डब्याला भोकं नकोतच.

तसंच, पत्र्याच्या डब्यात पाण्यात मिसळणारा रंग असेल तर भोकाच्या कच्च्या कडा गंजतात आणि पांढऱ्या रंगात तांबूस रेघा उतरतात. अशा डब्यालाही खिळा लावू नका. ओतायच्या आधी खाचेवर अर्ध्या भागात मास्किंग टेप चिकटवा आणि तिचं एक टोक चोचीसारखं बाहेर ठेवा. रंग टेपवरून जातो, खाच कोरडी राहते.

प्लॅस्टिकची बादली

नव्या बादलीच्या झाकणाला कडेने एक फाडायची पट्टी असते. तिचं टोक शोधा. ते थोडं सुटं आणि जाड असतं. टोक पकडून पट्टी पूर्ण गोल फाडा, अर्धवट नाही. अर्धी फाडून झाकण उचकटायला गेलं की उरलेल्या भागात झाकणाची कड चिरते. टोक हातातून निसटत असेल तर पक्कड वापरा, दातांनी कधीच नाही.

पट्टी मध्येच तुटली, तर कटरने झाकणाच्या खालच्या उभ्या कडेला आठ-दहा सेंटिमीटरवर बारीक काप द्या. कटर वरून खाली, अंगापासून दूर. काप फक्त त्या लोंबत्या कडेला; झाकणाच्या वरच्या भागापर्यंत गेला तर हवाबंदपणा गेला. मग अंगठ्याने एकेक तुकडा बाहेर ओढत, वरच्या दिशेने उचलत गोल फिरा. बादली पायांमध्ये धरली की २० लिटरचं झाकणही एकट्याला निघतं. रंगारी इथे पुट्टीचा पत्रा घालतात, तो चालतो, कारण रुंद असतो. स्क्रू ड्रायव्हर प्लॅस्टिकमध्ये रुततो.

काही डब्या-बादल्यांत पेंटरसाठी टोकन, म्हणजे कंपनीचं बक्षिसाचं कूपन, असतं. ते झाकणाला आतून चिकटलेलं किंवा आत पडलेलं असू शकतं, म्हणून ढवळण्याआधी पाहा. ते पेंटरचं की मालकाचं, हा वाद प्रत्येक घरात होतो आणि तो काम सुरू होण्याआधीच मिटवलेला बरा.

टर्पेंटाइनचा कॅन

बूच फिरवलं की आत एक पातळ सील असतं. ते आत ढकलू नका, तुकडा कॅनमध्ये पडतो. कडेला टोक असेल तर ओढून काढा. नसेल तर कटरने कडेकडेने कापा.

ओतताना सगळे तोंड खालच्या बाजूला येईल असा कॅन धरतात. द्रव तोंड पूर्ण भरून टाकतो, हवा आत जायला जागा राहत नाही, आणि 'गडप गडप' करत तो उसळून बाहेर येतो. कॅन फिरवून धरा, म्हणजे तोंड वरच्या बाजूला येईल. दिसायला उलटं वाटतं, पण हवा आत जात राहते आणि बारीक सलग धार पडते.

झाकण अडलं तर

जुना डबा असेल तर खाचेत सुकलेला रंग सिमेंटसारखा बसलेला असतो. तसाच जोर लावला तर झाकण फाटतं. आधी कटरचं टोक खाचेतून गोल फिरवा, दोन वेळा. मग डब्यावर ऑईलपेंट लिहिलेलं असेल तर खाचेत थोडं टर्पेंटाइन सोडून दहा मिनिटं थांबा. इमल्शनच्या बादलीला झाकणाभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा. नंतर लाकडाच्या ठोकळ्याने झाकणाच्या कडेवर गोल फिरत हलके ठोके द्या. घट्ट बसलेली पकड ठोक्याने सुटते, उचकटण्याने नाही. काडेपेटी, मेणबत्ती, हीट गन यांतलं काहीही ऑईलपेंटच्या डब्याजवळ आणायचं नाही.

काठ एका बाजूला चेपला असेल तर उघडायला सुरुवात त्याच्या बरोबर समोरून करा. चेपलेल्या जागी झाकण शेवटी सुटतं आणि तिथे जोर कमी लागतो.

झाकण गंजलं असेल तर आधी पॉलिश पेपरने कड घासून गंज फडक्याने टिपून घ्या. तरीही पापुद्रे आत पडणारच; तो रंग जुन्या नायलॉनच्या ओढणीतून किंवा स्टॉकिंगमधून गाळून घ्या.

साय धरली असेल तर ती ढवळू नका. तिचे हजार तुकडे होतात आणि एकही गाळणीत पूर्ण सापडत नाही. कटरने कडेने गोल कापा, दोन काड्यांवर अख्खी उचला. खालचा रंग बहुधा ठीक निघतो. गोळा झाला असेल तर टर्पेंटाइनने तो पुन्हा रंग होत नाही, कितीही घातलं तरी.

फुगलेला डबा

झाकण वर फुगलेलं दिसलं तर हात आवरा. उन्हाने फुगलं असेल तर सावलीत रात्रभर ठेवल्यावर बसतं. नाही बसलं तर आत वायू तयार झाला आहे. लाकडाच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा दुसरा भाग, ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो. ॲल्युमिनियम पेंटमध्ये पाणी शिरलं तर हायड्रोजन तयार होऊ शकतो, आणि तो पेटणारा वायू आहे. जुन्या इमल्शनमध्ये जिवाणू वाढतात, झाकण निघताच सडका वास येतो. तिन्ही ठिकाणी रंग वाचवण्यासारखा उरलेला नसतो. इमल्शनची बादली गच्चीवर, जाड फडकं टाकून, आपला चेहरा बाजूला ठेवून हळूच सैल करा. हार्डनर आणि ॲल्युमिनियम पेंटचा फुगलेला डबा न उघडता बाजूला काढलेला बरा. पीयू किंवा इपॉक्सीचे दोन भाग मिसळल्यानंतर उरलेलं मिश्रण डब्यात घालून झाकण लावायचं नाही, ते तापतं आणि आतच दगड होतं.

माळ्यावर फार जुना ऑईलपेंट सापडला तर त्याच्या तारखेकडे पाहा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी आली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा डबा पाळणा, खेळणी, खिडकीचे गज अशा ठिकाणी लावायला उघडूच नका.

ढवळणं, ओतणं आणि बंद करणं

ऑईलपेंटचं वजनदार द्रव्य तळाला बसतं. भरलेल्या डब्यात काठी फिरवली की वरचा पातळ भाग सांडतो आणि तळ तसाच राहतो. अर्धा रंग दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओता, तळ चपट्या काठीने खरवडून मोकळा करा, मग ओतलेला रंग थोडाथोडा परत घाला. भिंतीला एकाच शेडच्या दोन बादल्या लागणार असतील तर त्या आधीच एकमेकींत मिसळा, नाहीतर जिथे दुसरी सुरू झाली ती रेघ भिंतीवर दिसते.

ब्रश मूळ डब्यात बुडवू नका. कामाच्या छोट्या डब्यात एक तृतीयांश रंग घ्या. ओतताना धार लेबलच्या मागच्या बाजूने सोडा, म्हणजे शेड नंबर आणि सूचना ओघळाखाली जाणार नाहीत.

बंद करायची वेळ आली की टेप काढा, खाच आणि झाकणाची कड फडक्याने पुसा. ऑईलपेंटवर चमचाभर टर्पेंटाइन हलकेच सोडा आणि ढवळू नका. त्याचा पातळ थर हवा अडवतो. रंग निम्म्याहून कमी उरला असेल तर तो काठोकाठ भरेल एवढ्या लहान डब्यात काढा, आत हवाच कमी राहील. झाकण बसवून वर लाकडी फळी ठेवा आणि फळीवर ठोका, आधी मधे, मग कडेकडेने. झाकणावर थेट हातोडी मारली तर मध्य खोल जातो आणि कडा वर उठतात. वर फडकं टाकायला विसरू नका, राहिलेला थेंब नेमका शर्टावर येतो. झाकणावर मार्करने लिहा: शेड, तारीख, कोणत्या खोलीचा.

हाताला लागलेला ऑईलपेंट खोबरेल तेल चोळून काढा आणि मग साबण. टर्पेंटाइन कातडीला कोरडं करतं. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं नळाच्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. ऑईलपेंट, व्हार्निश किंवा जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि बोळ्यात ती उष्णता साठून आपोआप पेट घेऊ शकतात. तारेवर सुटी पसरून वाळवा.

उरलेला रंग किंवा ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतायचं नाही. रंगाचे टाकाऊ डबे घनकचरा नियम, २०१६ मध्ये 'घरगुती घातक कचरा' म्हणून धरले होते, त्यामुळे ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न घालता वेगळे द्या. इमल्शनची रिकामी बादली मात्र कोणी टाकत नाही. ती धुवून न्हाणीघरात जाते आणि पुढची दहा वर्षं तिथेच राहते. तसं खुशाल राहू द्या, फक्त पिण्याचं पाणी आणि धान्य तिच्यात भरू नका.